नऊ महिने मी खाली होतो

मित्रांनो, मी लासूर स्टेशनचा एक जुना कॅरम बोर्ड आहे. सध्या मुक्काम हर्सूलच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. जुन्या वस्तूनं बोलायला तोंड उघडलं की ती तक्रारच करणार, असं तुम्हाला वाटेल. कोणी विचारत नाही, अंगावर धूळ साचली, वगैरे. माझी तशी तक्रार नाही. माझ्यावर लोकांनी उलट जरा जास्तच माया केली. त्या मायेत मी एका माणसाला विसरलो. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून सांगतो.

लासूरच्या फकिरा सुतारानं मला बनवलं. चौकट बाभळीची, मधला तक्ता प्लायवुडचा. फकिरा नांगर, बैलगाडी, दारं-खिडक्या करणारा माणूस. कॅरम बोर्ड त्यानं जन्मात केला नव्हता. त्यामुळे माझा एक कोपरा आजही किंचित उतरता आहे. त्या कोपऱ्याकडे सोंगटी जरा लवकर पळते. मला करवून घेतलं पुंजाराम यांनी. ते बाजार समितीत मापाडी होते, म्हणजे आलेला माल काट्यावर मोजून द्यायचं त्यांचं काम. कापूस-मक्याचा हंगाम सरला की दुपारी हाताला काम नसायचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको आशाबाई. घरात दोघंच.

मला ओसरीवर ठेवलं त्या दिवशी आशाबाईंनी कॅरम पहिल्यांदा पाहिला. चार खिशांच्या जाळ्या त्यांनीच लोकरीनं विणल्या. मग खेळ शिकल्या. महिनाभरात नवऱ्याला हरवू लागल्या.

एकदा मक्याचं कणीस सोलताना विळा लागून त्यांचं मधलं बोट कापलं. बोटाला चिंधी बांधलेली, पण खेळायची हौस दांडगी. तेव्हा त्यांनी अंगठ्यानं स्ट्रायकर मारायला सुरुवात केली. सोंगटी आपल्याच रेषेच्या मागे अडकली की भले भले समोरच्या चौकटीवर स्ट्रायकर आपटून ती परत मिळवू बघतात. आशाबाई मनगट उलटं करायच्या आणि अंगठ्यानं मागच्या मागे हलकीच टिचकी द्यायच्या. सोंगटी सरकत सरकत जवळच्या खिशात. आवाजसुद्धा यायचा नाही.

"हे काय केलं गं?" पुंजाराम चकित झाले.

"काय ठाव. झालं."

मग त्यांनी तो फटका नवऱ्याला शिकवला. त्यांचा अंगठा आपल्या हातात धरून शिकवला. पुंजाराम यांचा हात पोती हलवून जड झालेला, त्यांना जमायला तीन महिने लागले. गल्लीतल्या बाया कामं आटोपून ओसरीच्या पायरीवर येऊन बसायच्या आणि हसून हसून लोळायच्या. छत्तीस वर्षं मी त्या ओसरीवर होतो. मुलगा सुदर्शन तिथंच मोठा झाला, शिकला, शहरात नोकरीला लागला. डाव मात्र चालू राहिला.

मागच्या वर्षी जूनमध्ये आम्ही छत्रपती संभाजीनगरला आलो. सुदर्शन शेंद्र्याच्या एका कंपनीत आहे, सून मेघा एका तपासणी केंद्रात रक्ताचे नमुने तपासते. दोघं सकाळी बाहेर पडतात. सात वर्षांची राजनंदिनी शाळेतून दोन वाजता येते, तिच्यापाशी कोणीतरी हवं होतं. पुंजाराम निवृत्त झाले होते. लासूरच्या घराला कुलूप लागलं आणि एका टेम्पोत दोन पेट्या, पिठाचे डबे, गाद्या आणि मी, असे सगळे हर्सूलला येऊन पोचलो.

पहिले दोन महिने दोघांनाही जड गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुंजाराम सकाळी फाटकाशी जाऊन उभे राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करायचे. काही लोक मान हलवायचे, काहींच्या कानात फोन असायचा. आशाबाई सवयीनं घराचं दार उघडं टाकायच्या. मेघा घरी आली की हळूच म्हणायची, "आई, दार लावून घेत जा. इथं कोणी उघडं ठेवत नाही."

"मंग कोणी आलं तर कसं कळंल?"

"बेल वाजवतील ना."

बेल वाजायची नाही. आशाबाई दुपारी दोनदा तीनदा दारापाशी जाऊन उगाच कडी बघून यायच्या.

तेव्हा दोघांचा आधार मीच होतो. राजनंदिनी जेवून झोपली की गॅलरीत मला फरशीवर मांडायचे. दोघं समोरासमोर बसायचे. लासूरसारखं मोठ्यानं बोलायचे नाहीत, पण खेळायचे. आशाबाई एखादवेळी हसायच्या. मला वाटलं, झालं, आता रुळतील दोघं.

एके दिवशी बेल वाजली. आशाबाई लगबगीनं उठल्या. दारात दुसऱ्या मजल्यावरची सुरेखा होती, कडेवर चार महिन्यांचं बाळ. बिचारी रडवेली झाली होती. "काकू, राग मानू नका. वर टकटक होतं ना, ते थेट आमच्या छतावर वाजतं. हा दुपारचा झोपतच नाही."

"नाय नाय, रागाचं काय त्यात," आशाबाई म्हणाल्या. त्यांनी बाळाच्या गालाला लावायला हात पुढं केला, तोवर सुरेखा वळून जिना उतरूही लागली होती.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम म्हणाले, "खाली पार्किंगला खेळू. तिथं कोणाला त्रास नाय." मला खाली नेलं. एका लाकडी खोक्यावर ठेवलं. दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. अर्धा डाव झाला असेल. समोरच्या दुकानातून गयासभाई आले. ते रिक्षांचे हूड आणि सीट शिवतात. पाठोपाठ आले पहिल्या मजल्यावरचे अप्पाराव, तुरुंगातल्या शिपाईगिरीतून निवृत्त झालेले.

"अरे वा! कॅरम! किती साल झाले हात लावून," गयासभाई म्हणाले.

"या, बसा की," पुंजाराम म्हणाले. गयासभाईंचं ते बोलणं म्हणजे दोन महिन्यांत त्यांच्याशी कोणी आपणहून बोललेलं पहिलंच वाक्य होतं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मी तो कधी विसरणार नाही.

आशाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि उठल्या. "तुम्ही खेळा. म्या जाते वर. पोरगी उठंल."

त्यांच्या हातची एक सोंगटी खिशाच्या तोंडाशी होती. ती गयासभाईंनी टाकली. "बसा वहिनी" असं कोणीही म्हणालं नाही. पुंजाराम म्हणाले नाहीत. मला तर बोलताच येत नाही, पण मला तसं वाटलंही नाही, ही खरी गोष्ट आहे. मी खूश होतो. चार नवे हात माझ्यावर पडले होते.

पुढचे नऊ महिने मी खाली राहिलो.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. गयासभाईंनी माझ्यासाठी लोखंडी स्टँड आणला. अप्पारावांनी माझ्या डोक्यावर दिवा लावून घेतला. नवी पावडर, नवा स्ट्रायकर. संध्याकाळी पाच वाजले की दहा-बारा जण जमायचे. चहा यायचा. खेळता खेळता कोणाच्या मुलाच्या प्रवेशाचं बोलणं व्हायचं, कोणाच्या गुडघ्याचं. अप्पारावांना चक्कर आली तेव्हा गयासभाईंनीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पुंजाराम यांना आता फाटकापर्यंत जायला अर्धा तास लागायचा, कारण वाटेत चार जण थांबवायचे. रविवारी सगळे मिळून हर्सूल तलावावर फिरायला जायचे. एकदा वेरूळला जाऊन आले. परक्या गावात त्या माणसाला गाव मिळालं आणि ते माझ्यामुळं मिळालं, असं सगळे म्हणायचे. "ह्या बोर्डानं जोडलं आपल्याला," अप्पाराव माझ्या चौकटीवर थाप मारून म्हणायचे. मी फुलून जायचो.

रात्रीपुरतं मला वर आणायचे. म्हणून घरातलं थोडंफार माझ्या कानावर पडायचं.

"आज दुपारी एक डाव टाकायचा का?" आशाबाई एकदा म्हणाल्या.

"संध्याकाळी बघू," पुंजाराम म्हणाले. संध्याकाळी त्यांनी मला उचललं आणि खाली नेलं.

असं आणखी तीन-चार वेळा झालं. मग त्यांनी विचारणं सोडलं.

डिसेंबरातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दुपारची वेळ होती. राजनंदिनी झोपलेली. आशाबाईंनी मला भिंतीपासून हळूच ओढलं आणि पलंगावर आडवं केलं, म्हणजे आवाज होऊ नये. सोंगट्या मांडल्या. स्वतःच एका बाजूनं खेळायच्या, मग उठून पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं खेळायच्या. पांढऱ्या स्वतःच्या, काळ्या नवऱ्याच्या. काळ्या खेळतानाही प्रामाणिकपणे खेळत होत्या. दीड तास चाललं होतं. शेवटी राणी आणि दोन सोंगट्या उरल्या. तेवढ्यात पुंजाराम झोपेतून उठून आले.

"आगं, उचलू का हा? खाली वाट बघायलेत सगळे."

डाव चालू आहे हे त्यांना दिसलंच नाही. आशाबाईंनी तिन्ही सोंगट्या गोळा करून डबीत टाकल्या. डबीचं झाकण लावलं. "न्या," म्हणाल्या.

आणि मी गेलो. जिना उतरताना मी संध्याकाळच्या खेळाचाच विचार करत होतो.

सव्वीस जानेवारीला इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत कॅरमची स्पर्धा झाली. आजूबाजूच्या तीन इमारतींचे लोक आले होते. शेवटचा सामना पुंजाराम आणि एका कॉलेजच्या तरुणात लागला. तरुण तयारीचा होता. बरोबरीत आले. पुंजाराम यांची शेवटची सोंगटी त्यांच्याच रेषेच्या मागे, चौकटीला चिकटून बसली होती. सगळ्यांना वाटलं, संपलं. पुंजाराम यांनी मनगट उलटं केलं. अंगठ्यानं मागच्या मागे टिचकी दिली. सोंगटी सरकत गेली आणि खिशात पडली.

एकच गलका झाला. गयासभाईंनी त्यांना मिठीच मारली. "क्या मारा भाऊ! असा फटका मी आयुष्यात नाही पाहिला. कुठं शिकलात?"

सगळे गप्प होऊन ऐकू लागले. पुंजाराम यांच्या हातात चषक होता.

"शिकायचं काय त्यात," ते म्हणाले. "बाजार समितीत चार माणसांत खेळून खेळून आपोआप आलं."

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आशाबाई उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं, असं म्हणायला मला आवडेल. पण तुमच्याशी खोटं बोलून काय मिळवू? त्या क्षणी लोक माझे फोटो काढत होते. मी फोटोत बरा दिसावा म्हणून माझ्यावरची पावडर अप्पाराव रुमालानं पुसत होते. माझं लक्ष त्यात होतं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. मेघा राजनंदिनीला घेऊन माहेरी गेली. त्याच दिवशी आशाबाईंनी पिशवी भरली. "लासूरला जाऊन येते. घर झाडून काढते," म्हणाल्या. पुंजाराम खाली निघाले होते. "बरं, जाऊन ये," म्हणाले.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. फोन केला की "मला इथं बरं हाय" एवढंच म्हणायच्या. तिसऱ्या आठवड्यात, मेघा माहेराहून परतल्यावर, सासऱ्यांना ताट वाढताना म्हणाली, "बाबा, शाळा सुरू झाली तरी आई येणार नाहीत."

"काहून? कोण म्हणालं?"

"त्याच म्हणाल्या फोनवर. मी बाईची व्यवस्था करीन राजनंदिनीसाठी. त्यांच्यावर जबरदस्ती नको."

"पण झालं काय तिला? इथं काय कमी हाय?"

मेघा भाजी वाढायची थांबली. "मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ह्यांचं गाव इथं आलं, माझं नाय आलं." मग पळी खाली ठेवून म्हणाली, "बाबा, चूक माझीपण आहे. मी त्यांना फक्त दार लावून घ्या म्हणाले. कोणाची ओळख नाही करून दिली. मलाच इथं कोणी ओळखत नाही."

पुंजाराम यांनी पुढं काही खाल्लं नाही. त्या संध्याकाळी ते खाली गेले नाहीत. गयासभाई वर बोलवायला आले, तेव्हा पुंजाराम यांनी त्यांना दारातच विचारलं, "भाई, एक सांगा. तुमच्या घरातलं माणूस दिवसभर काय करतं?"

"सगीरा? घरात असते. का?"

"कोणाकडं जाती-येती?"

"जुन्या शहरात होतो तेव्हा गल्लीभर फिरायची. इथं येऊन तीन साल झाले..." गयासभाईंनी दाराची चौकट धरली. "सच सांगू? मी कधी विचारलंच नाही."

दोन जाणती माणसं एकमेकांच्या पायांकडे बघत उभी होती. मी भिंतीला टेकून होतो. मलाही खाली बघता आलं असतं तर बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम यांनी मला चादरीत गुंडाळलं आणि पॅसेंजरनं लासूर गाठलं. स्टेशनपासून घरापर्यंत त्यांनी मला डोक्यावर वाहिलं.

दारापाशी आलो आणि आतून हसू ऐकू आलं. आशाबाईंचं हसू. कित्येक महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं आणि ऐकलं नव्हतं हे मला तोवर जाणवलंही नव्हतं. अंगणात खाटेवर लुगडं पसरून गल्लीतल्या बाया कुरडया घालत होत्या. मधोमध आशाबाई, कोपरापर्यंत हात चिकानं माखलेले, आणि कोणाची तरी नक्कल करत होत्या. पुंजाराम यांना पाहून बाया गप्प झाल्या. आशाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्याला काहून आणलं?"

"आणलं," पुंजाराम म्हणाले.

"ठेवा भिंतीला. अन् कावळे हाका जरा, कुरडया उघड्या हायेत."

पुंजाराम उन्हात दोन तास कावळे हाकत बसले. बाया गेल्यावर आशाबाईंनी हात धुतले, चहा टाकला, कप त्यांच्यासमोर ठेवला.

"घरी चल," ते म्हणाले.

"कोणाच्या?"

"आपल्या."

"आपलं हे हाय. तिथलं वरचं सुदर्शनचं हाय. खालचं तुमचं हाय."

पुंजाराम यांनी न प्यायलेला कप बाजूला सारला. म्हणाले, "त्या सव्वीस जानेवारीला म्या खोटं बोललो."

"ऐकलं म्या. गॅलरीतच होते."

"मंग काही बोलली काहून नाय?"

"तिसऱ्या मजल्यावरून वरडू व्हय?"

"लाज वाटली मला. सगळी नवी माणसं. म्हणलं, बायकोनं शिकवलं म्हणून हसतील. नवी नवी वळख होती..."

"तुम्हाला वळख पाहिजे होती," आशाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "मला नको होती व्हय? म्या काय तिथं पोरीला खाऊ घालायला अन् कडी बघायला आले होते? लई दिवस वाट बघितली. म्हणलं, आज म्हणतील, चल खाली. आज म्हणतील. तुम्हाला माणसं मिळाली, मला त्याचं वाईट नाय वाटलं. बरंच वाटलं. पण माझं एकच माणूस होतं तिथं, ते बी गेलं."

पुंजाराम रडले. मोठे, जाड हात तोंडावर ठेवून रडले. आशाबाईंनी त्यांना गप्प केलं नाही. कप उचलून चहा पुन्हा गरम करून आणला, एवढंच.

ते आठ दिवस तिथं राहिले. मला कोणी हात लावला नाही. भिंतीला टेकून मी सगळा हिशेब मनात करत होतो. माणसाला निदान तोंड आहे. तो म्हणू शकतो की चुकलं. मी काय म्हणू? मला उचललं म्हणून मी गेलो, हे खरं. पण ज्या हातांनी माझ्या जाळ्या विणल्या, ते हात आठवायला काही कोणी मला उचलायची गरज नव्हती.

नवव्या दिवशी आशाबाईंनी आपणहून पिशवी भरली. "येते म्या. पोरीची शाळा हाय. पण हा बोर्ड वर राहील. संध्याकाळी पाहिजे तर न्या, पण विचारून न्या."

"पण वर आवाज..."

"ते म्या बघते."

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आशाबाईंनी जुनी गोधडी चौपदरी घडी करून गॅलरीत अंथरली, मला तिच्यावर ठेवलं आणि थेट दुसऱ्या मजल्यावर गेल्या. सुरेखाला म्हणाल्या, "म्या वर टकटक करायला सांगितलंय नातीला. तू कान दे." राजनंदिनीनं सोंगट्या आपटल्या. खाली काही ऐकू गेलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. मागच्या वर्षी एवढं कोणाला सुचलं असतं तर? पण तेव्हा पुंजाराम यांनी खाली जायचं ठरवलं आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांनी धरलं.

सुरेखा बाळाला घेऊन वर आली, बसली आणि उठायचं नाव घेईना. ती परभणीकडची. इथं येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात ती कोणाच्या घरी पाणी प्यायली नव्हती. आठवड्याभरानं गयासभाई सगीराला घेऊन आले, दारापर्यंत सोडून गेले. सगीरा पहिल्या दिवशी फार बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं राणी टाकली, आशाबाईंच्या हातावर टाळी दिली आणि म्हणाली, "आपा, लहानपणी भावांना हरवायची मी. शादीनंतर आजच हात लावला."

"मंग इतके दिवस काहून गप्प बसलीस?"

"कोणी विचारलं नाही."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर पुन्हा स्पर्धा होती. अप्पाराव मोठ्यानं म्हणाले, "आज पुंजारामचा फटका बघायला मिळणार!" पुंजाराम उभे राहिले. गर्दीत आशाबाई, सगीरा, सुरेखा होत्या.

"तो फटका माझा नाय," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "माझ्या बायकोचा हाय. तिनं शोधला, तिनंच मला शिकवला. मागच्या टायमाला म्या तुमच्यापुढं खोटं बोललो."

कोणी हसलं नाही. अप्पाराव आशाबाईंकडे वळून म्हणाले, "वहिनी, मग आज दाखवाच!"

"आज नाय," आशाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं, आता सगळं धुऊन निघेल, त्या हसतील. तसं झालं नाही. त्या सगीराशी बोलत राहिल्या. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र त्यांनी पुंजाराम यांना विचारलं, "डाव टाकायचा का?" आणि त्यांना पार हरवलं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू विनवणी करते, की मला जपा, मला पुसा. माझी विनवणी वेगळी आहे. तुम्ही कधी नव्या गावात, नव्या इमारतीत राहायला जाल. तुमच्यातल्या कोणाला तरी तिथं आधी मित्र मिळतील. मिळाले की आनंद करा, पण त्याच दिवशी जिना चढून वर जा आणि घरात कोण राहिलं आहे ते बघा. त्याला "चल" म्हणा. तो नको म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणा. मी नऊ महिने खाली मजेत होतो आणि वर कोण आहे हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. आशाबाईंनी मला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. वस्तूला कोणी माफ करत नाही आणि रागही धरत नाही. त्यामुळे माझं मलाच ते बाळगावं लागतं.

मागच्या बुधवारची गोष्ट सांगून थांबतो. दुपारी राजनंदिनी शाळेतून येऊन जेवली. मी गोधडीवर तयार होतो, सोंगट्या मांडलेल्या होत्या. बेल वाजली. सगीरा आणि सुरेखा आल्या, सुरेखाच्या कडेवर बाळ. पण कोणी बसलं नाही.

"आपा, चलायचं ना हिमायत बागेत? मोकळी हवा आहे आज," सगीरा म्हणाली.

"थांबा, पोरीच्या चपला सापडंनात," आशाबाई आतून म्हणाल्या. मग चपला सापडल्या. कोणाच्या तरी सासूवरून तिघी दारातच हसायला लागल्या. गॅलरीत माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. दार बाहेरून ओढून घेतलं गेलं आणि बोलण्याचा आवाज जिन्यानं खाली खाली जात राहिला.

त्या दुपारी मला कोणी हात लावला नाही. मांडलेल्या सोंगट्या तशाच राहिल्या. मी एकटा होतो आणि मला फार बरं वाटलं.